पावसाआधी एकदा फोटो काढून ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या नौपाड्याच्या जुन्या घरात आजोबांचं ऑइल पेंटिंग आहे, नेमकं बाहेरच्या भिंतीला लावलेलं, आणि ती भिंत जूनपासून ओलीच असते. दिवाळीच्या साफसफाईला फ्रेम उतरवली तर पगडीजवळ रंगाला बारीक तडे, आणि एक खपली तर बोट लावलं की पडेल अशी. आई म्हणाली हे पहिल्यापासूनच असं आहे. मग ताईच्या लग्नाचा १९९६चा अल्बम काढला, एका फोटोत मागे तेच पेंटिंग आलंय, भिंगातून पाहिलं तर पगडी एकदम साफ! रोज बघतो ना, म्हणून कोणाला कळलंच नाही.

कॉम्प्युटर व्हिजन, म्हणजे कॉम्प्युटरला फोटो ‘बघून’ त्यातलं ओळखायला लावणारं तंत्र, तेही हेच करू शकतं, पण खूप बारकाईने, वेगवेगळ्या वेळचे फोटो एकमेकांवर तंतोतंत बसवायचे आणि कुठे तडा वाढला, कुठे रंग उडाला ते शोधायचं. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राचे ८४३९ फोटो जोडून ७१७ गिगापिक्सेलची, म्हणजे ७१७ अब्ज ठिपक्यांची, इमेज केली, २०२२मध्ये ती सगळ्यांना बघायला खुली केली, पुढे चित्रात काय बदललं ते तिच्याशी ताडून बघता येतं.

आपल्याला एवढं नको हो. पण आपल्या जिल्ह्यात अंबरनाथचं शिवमंदिर आहे, शके ९८२ म्हणजे १०६० सालचं, बाहेरून नुसतं मूर्तींनी भरलेलं, आणि त्यातल्या कितीतरी मूर्तींचे चेहरे आता ओळखू येत नाहीत. महाशिवरात्रीला हजारो मोबाइल तिथे फोटो काढतात पण ते या कामाचे नाहीत, प्रत्येकाचा अँगल वेगळा, तिरपं ऊन असलं की सावलीच तड्यासारखी दिसते, ओला दगड काळा पडतो, वर मोबाइल स्वतःच फोटो गुळगुळीत करून टाकतो. जागा ठरवून, त्याच वेळेला, बाजूला मोजपट्टी आणि कलर कार्ड (रंग ताडायला ठरावीक रंगांचे चौकोन असलेलं कार्ड) ठेवून, पावसाआधी आणि नंतर दगड वाळला की, असे वर्षातून दोनदा फोटो काढायला काय हरकत आहे? मूर्तीला हात लावायचीही गरज नाही. सॉफ्टवेअर फक्त इथे बघा एवढंच सांगेल, उपाय काय करायचा ते जाणकारच ठरवतील, आणि तसंच व्हायला पाहिजे.

पण पहिला सेटच नसेल तर कॉम्प्युटर तुलना कशाशी करणार? आमच्याकडे निदान लग्नाचा अल्बम तरी होता. पुरातत्त्व खात्याने परवानगी द्यावी, इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजांनी मुलांना हा प्रोजेक्ट द्यावा, ट्रायपॉड धरायला मी स्वतः येईन.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे