पाकिटाचा आणि पोत्याचा हिशेब

नागपूर, दि. 4 मे

तीर्थरूप बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

बाबा, यंदा पाचही एकरांत संकरित कपाशीची दाट लागवड करण्याचा तुमचा विचार रविवारी फोनवर ऐकला आणि आईने दिलेली खर्चाची जुनी वही घेऊन मी दोन रात्री बसले. वाण चांगले आहे, याबद्दल वाद नाही. पण एकरी किती पिकेल यावरच आपले बोलणे संपते आणि पीक घरात येईपर्यंत गाठीचे किती घालावे लागेल, हे मागे राहते.

2024 च्या हंगामात बीजी-2, म्हणजे बोंडअळीला रोखणारी जनुके घातलेल्या, कपाशीच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत 864 रुपये होती. आपण एकरी दोन पाकिटे लावत आलो. 90 बाय 15 सेंटीमीटरवर लावायचे तर सुमारे सहा लागतात. वाढीव चार पाकिटांचे 3,456 रुपये होतात, म्हणजे त्या वर्षीच्या मध्यम धाग्याच्या 7,121 रुपये हमीभावाने जवळजवळ अर्धा क्विंटल कापूस निव्वळ बियाण्यात गेला. त्यावर वाढ रोखण्याची फवारणी आणि किलोमागे द्यावी लागणारी वेचाई. संकरित कपाशीची सरकी ठेवून पुन्हा पेरली तर तेच गुण उतरत नाहीत, त्यामुळे हा खर्च दर जूनमध्ये, पाऊस कसा पडणार हे कळण्याआधी आणि बहुधा उधारीवर, नव्याने उभा राहतो.

तुमचे एक म्हणणे मला पूर्ण पटते. लवकर संपणारी कपाशी गुलाबी बोंडअळीच्या तडाख्यातून बरीच सुटते. 2017 साली फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून जादा वेचणी घेण्याच्या, मोहात आपण काय भोगले, ते वहीत आहेच. म्हणून दोन एकर मुरमाड तुकड्यापैकी एक एकर दाट लावून पाहावा, दुसऱ्या एकरात नेहमीच्या अंतरावरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच, ठेवावी. नाल्याकाठच्या तीन एकर भारी जमिनीत मात्र दाट कपाशी नुसती पाल्याने माजेल.

तिथे सोयाबीन आणि तूर घ्यावी, असे मला वाटते. सोयाबीन सरळ वाणाचे, म्हणजे घरच्या दाण्यातूनही तेच गुण उतरणारे, पीक असल्याने सुधारित वाणाचे, उदाहरणार्थ अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या पीडीकेव्ही अंबाचे, प्रमाणित बियाणे एकदा आणले की पुढची दोन वर्षे घरचेच पेरता येते. पोत्याची किंमत तीन हंगामांवर वाटली जाते. पाकिटाची तशी वाटता येत नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानेही शेतकऱ्याला घरचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि ब्रँडशिवाय विकण्याचा हक्क दिला आहे. अर्थात हे फुकट मिळत नाही: दाण्याला इजा होऊ नये म्हणून मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला चारशेच्या आत ठेवावे लागतात, पोत्यांची उंच थप्पी लावता येत नाही आणि त्या पोत्यांतले सोयाबीन गरजेपोटी मध्येच विकून चालत नाही. शेवटचे आपल्याला कधीच जमलेले नाही.

आई, एक काम तुझ्याकडे. कोठीतल्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव आणि सत्तर किंवा अधिक उगवतात का ते पाहा. तीन वर्षांपूर्वी विकतचे बियाणे न उगवल्याने केलेली दुबार पेरणी तुझ्या बांगड्या गहाण ठेवून झाली होती. ती नोंद वहीत नाही, पण मला आठवते.

मी शनिवारच्या काटोल गाडीने येत आहे. बाबा, तोवर कृषी केंद्रात पाकिटांची नोंदणी करू नये, ही विनंती.

तुमची,
ताई