मंजूर मोकळी जागा, ओढा आणि रखडलेले कन्व्हेयन्स : विकसक कंपनीस तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
विकसक कंपनी, पुणे

विषय : बावधन येथील गृहसंकुलातील मंजूर मोकळ्या जागेवर प्रस्तावित 'डी' विंग, ओढ्यात टाकलेला राडारोडा आणि रखडलेले कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावे करून देणे) यांबाबत तक्रार.

संदर्भ : आपल्या ग्राहक सेवा विभागाने 'डी' विंगला संमती मागण्यासाठी सदनिकाधारकांना वाटलेला संमतीपत्राचा नमुना.

महोदय,

संदर्भातील संमतीपत्राचा नमुना मला मिळाला. मी त्यावर सही करणार नाही. आपल्या संकुलात बी विंगमध्ये माझी सदनिका आहे आणि ज्या जागेवर आपण चौथी इमारत उभी करू पाहता, ती जागा लेआउटमध्ये मोकळी दाखवूनच आपण आम्हाला घरे विकली आहेत. नुसता नकार कळवून मी थांबले असते. पण कोणाच्याही संमतीची वाट न पाहता आपण त्या जागेभोवती पत्रे ठोकले, जेसीबी लावून खोदाई सुरू केली आणि निघालेला मुरूम व राडारोडा शेजारच्या ओढ्यात लोटला. म्हणून हे तक्रारीचे पत्र.

आधी कागदांविषयी. 2017 साली हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेल्या माझ्या करारनाम्याला महापालिकेने मंजूर केलेला लेआउट परिशिष्ट म्हणून जोडलेला आहे. त्यात ए, बी आणि सी अशा तीनच इमारती आहेत. ओढ्याच्या बाजूचा सुमारे 2,500 चौरस मीटरचा पट्टा 'ओपन स्पेस' म्हणून आखलेला आहे. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के क्षेत्र रहिवाशांच्या मोकळ्या वापरासाठी राखणे बांधकाम नियमावलीनेच बंधनकारक केले आहे. एकदा मंजूर झालेली अशी जागा विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही आणि रहिवाशांच्या सामाईक वापराखेरीज दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बी विंगच्या मागच्या बाजूच्या सदनिकांसाठी आपण 'गार्डन फेसिंग' म्हणून वेगळे पैसे घेतले. माझ्या कॉस्ट शीटवर ती रक्कम स्वतंत्र ओळीत लिहिलेली आहे, त्यावर आपल्या कंपनीचा शिक्का आहे. ज्या बागेचे पैसे माझ्याकडून घेतले, तीच जागा आता दुसऱ्या ग्राहकाला बारा मजल्यांत विभागून विकायची, याला काय म्हणायचे ते आपणच ठरवा.

आपल्या विक्री विभागातील अधिकारी म्हणतात, 'सरकारनेच एफएसआय वाढवून दिला आहे, आम्ही नियमातच आहोत.' (एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या तुलनेत किती बांधकाम करता येते ते प्रमाण.) डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू केली हे खरे. प्रीमियम भरून मिळणारा एफएसआय, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) आणि निवासी बांधकामाला 60 टक्क्यांपर्यंत मिळणारा अनुषंगिक एफएसआय मिळून त्याच भूखंडावर पूर्वीपेक्षा बरेच जास्त बांधकाम बसू लागले, हेही खरे. पण किती बांधता येईल एवढेच ती नियमावली सांगते. लोक राहायला आलेल्या लेआउटमध्ये ते कोणाला विचारून बांधायचे, हे 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याचे कलम 14 सांगते. मंजूर नकाशा, लेआउट किंवा सामाईक जागा यांत बदल करायचा असेल तर प्रवर्तक (म्हणजे विकसक) सोडून उरलेल्या सदनिकाधारकांपैकी किमान दोन तृतीयांश जणांची लेखी संमती आधी घ्यावी लागते. एकाच कुटुंबाच्या नावावर कितीही सदनिका असल्या तरी मोजणीत ते एकच धरले जाते, हेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेले आहे. न विकलेल्या सदनिका एका घरातल्या निरनिराळ्या नावांवर दाखवून आकडा जुळवता येणार नाही.

करारनाम्यातील एका कलमान्वये 'भविष्यातील सर्व बदलांना' आम्ही आधीच मान्यता दिली आहे, असा आपला दुसरा मुद्दा. ते कलम मी वाचले आहे. कोणता बदल, किती मजले, कुठल्या जागेवर, यातले काहीही त्यात नाही. मधुविहार सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 सालीच सांगितले आहे की करार करतेवेळी प्रकल्पाचा संपूर्ण आराखडा ग्राहकासमोर मांडणे ही प्रवर्तकाची जबाबदारी आहे. जे समोर मांडलेच नाही, त्याला मी 2017 साली मान्यता कशी दिली असेन?

सह्या कशा गोळा केल्या जात आहेत, त्याबद्दल मला विशेष राग आहे आणि तो मी लपवत नाही. क्लब हाउसमध्ये टेबल मांडून सही करणाऱ्याला वर्षभराचा मेंटेनन्स माफ करण्याचे आमिष दाखवले गेले. सी विंगमधल्या एका काकांना, ज्यांना धड दिसत नाही, 'ओसीचा (भोगवटापत्राचा, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेने दिलेल्या दाखल्याचा) फॉर्म आहे' असे सांगून सही घेतली गेली. त्यांच्या मुलीने नंतर कागद वाचला तेव्हा हे उघडकीला आले. ती सही रद्द समजावी असे पत्र काकांनी आपल्याला दिले आहे, त्याची पोचही आपल्या कार्यालयाने दिलेली नाही. अशी घेतलेली संमती ही संमती नव्हे.

आता कन्व्हेयन्सबद्दल, कारण सगळ्याचे मूळ मला तिथेच दिसते. आमची सोसायटी नोंदणीकृत आहे. तिन्ही इमारतींना भोगवटापत्र मिळालेले आहे. तरीही जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही. सातबाऱ्यावर आजही मूळ मालक आणि आपली कंपनी आहे. विचारले की उत्तर ठरलेले : 'लेआउट पूर्ण झाले की करू.' राज्याच्या 2017 च्या रेरा नियमांनुसार लेआउटच्या जमिनीचे हस्तांतर शेवटच्या इमारतीच्या भोगवटापत्रापासून तीन महिन्यांत करायचे असते, हे आपल्या विधी विभागाला चांगले माहीत आहे. म्हणूनच शेवटची इमारत कधी शेवटची ठरू दिली जात नाही. आज डी विंग आली, उद्या ई विंग येईल, आणि तोपर्यंत राज्य सरकार नवा एफएसआय देत राहील व तो आपल्या खात्यात जमा होत राहील. कन्व्हेयन्स झाले की जमिनीबरोबर पुढची बांधकाम क्षमताही सोसायटीकडे जाते, आणि आपल्या टाळाटाळीचे कारण हेच आहे असे मला वाटते. माझ्या करारनाम्याप्रमाणे लेआउटमधली शेवटची इमारत सी विंग आहे. तिच्या भोगवटापत्रापासूनची मुदत केव्हाच उलटली आहे. मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्याच्या कलम 11 अन्वये जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (विकसकाने टाळले तरी कन्व्हेयन्स करून घेण्याचा) अर्ज करण्याचा अधिकार सोसायटीला आहे. त्या अर्जाची कागदपत्रे आम्ही गोळा करू लागलो आहोत, हे आपल्याला आधीच कळवते.

ओढ्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या इंजिनिअरनी त्याला 'पावसाळी गटार' म्हणून उडवून लावले. हा ओढा बावधनच्या टेकड्यांवरून येतो. 1997 साली महापालिकेत आलेल्या 23 गावांमधल्या टेकड्या राज्य सरकारने जैववैविध्य उद्यान म्हणून राखल्या आहेत. आमच्यामागचा उतार त्यातलाच आहे. टेकडीवर पडलेले पाणी या ओढ्याने रामनदीला मिळते, रामनदी पाषाण तलावातून पुढे सोमेश्वरवाडी, बाणेरकडे जाते आणि मुळेला मिळते. म्हणजे आपण इथे ओढा अडवला तर त्याचे पाणी फक्त आमच्या पार्किंगमध्ये शिरणार नाही, खाली राहणाऱ्यांच्या घरातही शिरेल. ऑक्टोबर 2010 च्या ढगफुटीत रामनदीने पाषाण परिसरात काय केले, ते त्या भागातल्या लोकांना अजून आठवते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वरजवळ टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. पुण्यातल्या ओढ्यांचे पात्र आक्रसत गेले, कडेला भिंती उभ्या राहिल्या, आणि पाण्याने मग आपली वाट माणसांच्या घरांतून काढली. हे सगळे पुण्यात बांधकाम करणाऱ्या कंपनीला मी सांगावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ती मोकळी जागा पावसाळ्यात स्पंजसारखी पाणी पिते. गेल्या पावसाळ्यात ओढा काठावरून वाहिला तेव्हा तो त्या जागेत पसरला, जिरला आणि आमच्या बेसमेंटपर्यंत पोचला नाही. आता तिथे मुरमाचा ढीग आहे आणि ओढ्याचे पात्र जवळपास निम्मे बुजले आहे. डी विंगसाठी महापालिकेकडे दिलेल्या सुधारित नकाशात ओढा काँक्रीटच्या पेटीत बंदिस्त करून त्यावरून रस्ता नेलेला दिसतो. निळ्या पूररेषेच्या (नेहमीच्या पुराच्या हद्दीच्या) आत बांधकामाला मनाई आहे आणि निळ्या व लाल (मोठ्या पुराच्या) रेषेमधल्या पट्ट्यात जोत्याची पातळी लाल रेषेच्या 45 सेंटीमीटर वर हवी, असे यूडीसीपीआर सांगते. एफएसआयसाठी आपण ज्या नियमावलीचा आधार घेता, तीच ही. या ओढ्यासाठी पूरपातळीचा अभ्यास झाला आहे का, ओढा बंदिस्त करायला महापालिकेच्या मलनिःसारण विभागाने ना हरकत दिली आहे का, हे मी लेखी विचारते. राडारोड्याचे म्हणाल तर केंद्रीय नियमांनुसार त्याची विल्हेवाट लावणे ही तो निर्माण करणाऱ्याचीच जबाबदारी आहे. तो कुठे नेला याच्या पावत्या दाखवाव्यात.

मोकळ्या जागेच्या बदल्यात पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर) 'स्काय गार्डन' देऊ, असे आपल्या पत्रकात आहे. डिसेंबर 2013 मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून चालणार नाही, असा निकाल दिला आहे. तो मुंबईच्या नियमावलीबद्दलचा असला तरी पोडियमच्या दोन फूट मातीत उंबर वाढत नाही, ही गोष्ट पुण्यातही तितकीच खरी आहे.

उंबराचा उल्लेख मुद्दाम केला. त्या जागेत करंज, काटेसावर आणि एक जुना उंबर आहे. जुनी गावकरी मंडळी त्याचे वय पन्नासच्या पुढचे सांगतात. 1975 च्या झाडांच्या कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून जास्त वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते, आणि झाड तोडायला परवानगी मिळाली तरी त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. आजवर एकाही झाडावर वृक्ष प्राधिकरणाची नोटीस लागलेली आम्ही पाहिलेली नाही, तरी दोन करंजांच्या मुळाशी जेसीबी चाललेला आहे.

पर्यावरण परवानगीचाही प्रश्न आहे. संकुलाचे बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या वर असल्याने केंद्राच्या 2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे ती घेतलेली आहे. चौथ्या इमारतीसाठी ती सुधारून घेतली का? सध्याचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) आहे त्या कुटुंबांनाच पुरत नाही, मे महिन्यात टँकरची रांग गेटबाहेर असते आणि त्याचे बिल आम्ही भरतो. महापालिकेचे पाणी पुरेसे मिळेपर्यंत पाण्याची सोय आपण कराल, असे हमीपत्र आपण महापालिकेला दिलेले आहे. त्याचे पालन आधी करावे.

या सगळ्याविषयी मी आपल्या ग्राहक पोर्टलवर तक्रार नोंदवली होती. 'तक्रारीचे निराकरण झाले' असा संदेश आला आणि तक्रार बंद झाली. कोणी फोन केला नाही, कोणी जागेवर येऊन पाहिले नाही.

माझी मागणी अशी आहे. मोकळ्या जागेवरील काम ताबडतोब थांबवावे, पत्रे काढावेत आणि पावसाळ्याआधी ओढ्यातला राडारोडा उपसून पात्र पूर्ववत करावे. गोळा केलेल्या सह्यांची यादी सोसायटीला द्यावी आणि फसवून घेतलेल्या सह्या लेखी रद्द कराव्यात. सुधारित लेआउटचा प्रस्ताव महापालिकेकडून मागे घ्यावा. रेरा कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मंजूर नकाशांच्या प्रती आणि त्यासोबत पर्यावरण परवानगी व तिचे सहामाही अनुपालन अहवाल मला द्यावेत. आणि कन्व्हेयन्सचा मसुदा सोसायटीकडे पाठवावा. डी विंगच बांधायची असेल तर आधी आमची जमीन आमच्या नावावर करा, मग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसमोर प्रस्ताव घेऊन या. तिथे लोक काय ठरवतील ते मलाही मान्य असेल.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास रेरा कायद्याच्या कलम 31 अन्वये महारेराकडे (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे) तक्रार दाखल करीन आणि काम थांबवण्याचा अंतरिम आदेश मागीन. त्याच कायद्याच्या कलम 61 खाली प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, याची नोंद घ्यावी. राडारोडा आणि झाडांबाबत मात्र मी पंधरा दिवस थांबणार नाही. महापालिकेच्या बांधकाम विभागाला आणि वृक्ष अधिकाऱ्यांना या पत्राची प्रत छायाचित्रांसह आजच देत आहे.

सोबत मंजूर लेआउट, कॉस्ट शीट आणि ओढ्याची तारखेसह छायाचित्रे जोडली आहेत.

कळावे,

आपली,
सदनिकाधारक, बी विंग
बावधन, पुणे 411021

प्रत : मा. अध्यक्ष व सचिव, सहकारी गृहरचना संस्था