बांधाकडचे दोन क्रेट बाजूला ठेवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

समोर बसून तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही 'अहो, त्यात काय एवढं' म्हणता आणि काट्यावर पुढचं वजन ठेवता. म्हणून हे पत्र लिहितो आहे, आणि चारचौघांत लिहितो आहे. तुम्ही जे केलंत ते इतरांनाही कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही भेटण्याआधी आम्ही सेंद्रिय भाजीपाल्यासाठी बरेच हिंडलो. लेकीचं वरचं अन्न सुरू व्हायचं होतं आणि तिच्या पोटात जाणारा पहिला घास तरी निर्धोक असावा एवढीच इच्छा होती. एका विक्रेत्याला विचारलं, शेत कुणाचं, रासायनिक फवारणी बंद करून किती काळ झाला? त्याने पाकिटावर छापलेल्या हिरव्या पानावर बोट ठेवलं. दुसऱ्याने 'विश्वास ठेवा' म्हणून विषय संपवला. तिसऱ्याने आधी घाबरवून सोडलं, बाहेरचं सगळं विषच आहे म्हणाला, आणि मग हळूच आपला माल पुढे केला. नव्या आईबापांच्या काळजीवर धंदा करणाऱ्या या माणसांचा राग अजून गेलेला नाही. आणि ज्यांनी 'धुऊन घ्या, काही होत नाही' म्हणून हसण्यावारी नेलं त्यांचाही. आंतरप्रवाही कीटकनाशक झाडाच्या रसातून पानाफळांत भिनतं. ते वरून कितीही पाणी ओतलं तरी निघत नाही, हे त्यांच्यापैकी एकानेही सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत.

आणि त्याहून आधी तुम्ही सांगितलंत, 'जीवनसत्त्वं जास्त मिळतील म्हणून घेणार असाल, तर घेऊ नका.' विकायला बसलेलं माणूस असं बोलतं? घरी जाऊन मी वाचत बसलो. २०१२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले होते. सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असतं याला भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र त्यात कमी आढळले. तुम्ही नेमकं तेवढंच बोलला होतात. ना कमी, ना जास्त.

लहान मुलाच्या बाबतीत हे 'कमी' किती मोलाचं आहे ते मला तेव्हा कळलं. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त खातं. त्याचा मेंदू घडत असतो, आणि शरीरात गेलेलं निकामी करून बाहेर टाकणारी यंत्रणा अजून कच्ची असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९९३ मध्ये यावर अहवाल दिला, आणि १९९६ च्या कायद्यात मुलांसाठी सुरक्षिततेची मर्यादा दहापट कडक धरण्याची तरतूद आली. क्लोरपायरिफॉस हे औषध शेतांमध्ये वर्षानुवर्षं सर्रास वापरलं गेलं. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होण्याच्या चिंतेमुळे युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याची परवानगी संपवली. म्हणजे ज्याला काल सगळे चालतं म्हणत होते, ते आज चालत नाही. मधल्या काळात जेवलेल्या मुलांचं काय, हा विचार मला झोपू देत नसे.

धीर दिला तो २००६ च्या एका प्रयोगाने. शाळकरी वयाच्या २३ मुलांना पाच दिवस नेहमीच्या ऐवजी सेंद्रिय अन्न दिलं. मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या दोन कीटकनाशकांच्या लघवीत उतरणाऱ्या खुणा लगेच इतक्या घटल्या की मोजमापात येईनात. नेहमीचं अन्न सुरू झालं तशा त्या परत दिसू लागल्या. यावरून कोणता आजार टळला हे सिद्ध होत नाही, हे मला समजतं. पण आपण ताटात काय वाढतो याने लेकराच्या अंगात काय जातं हे बदलतं, आणि तेही दिवसांत. मला निर्णय घ्यायला एवढं पुरे होतं.

दुसरं कारण तुमच्या पाठीवर आहे. पूर्वी फवारणीचा पंप गळायचा आणि औषध पाठीवर ओघळायचं, हे तुम्ही बोलता बोलता सांगून गेलात. किडीच्या मज्जातंतूंमधलं जे विकर (एन्झाइम) क्लोरपायरिफॉस, मॅलॅथिऑनसारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं बंद पाडतात, तेच विकर माणसातही असतं. माझ्या ताटात अंश येतो. फवारणाऱ्याच्या अंगावर अख्खी मात्रा येते. आमच्या लेकीच्या घासासाठी दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीने हे सोसू नये, असं आता आम्हा दोघांना वाटतं.

पण ताई, हे सगळं पुस्तकात मिळालं असतं. जे मिळालं नसतं ते त्या सकाळी तुमच्या शेडमध्ये पाहिलं. पालेभाजीचे दोन क्रेट तुम्ही वेगळे ठेवले होते. मी हात घातला तर तुम्ही थांबवलंत. 'ते नको. बांधाकडच्या सऱ्यांतलं आहे. परवा शेजारी फवारणी झाली आणि वारा आमच्याकडे होता. ते साधा माल म्हणून जाईल.' क्रेटवर तारीख आणि 'वारा इकडे' असं लिहिलेली चिठ्ठी खोचलेली होती. मी यायच्या आधीच लिहिलेली.

मी त्या चिठ्ठीकडे बघतच राहिलो. पानं तशीच हिरवी, तशीच ताजी. मला कळलं नसतं. तपासायला कुणी येणार नव्हतं. चूक तर तुमची नव्हतीच, आणि शेजाऱ्याबद्दलही तुम्ही वावगा शब्द काढला नाहीत. त्याचंही पीक आहे, म्हणालात. तुम्ही फक्त आपल्या मालाला त्या दिवशी जे नाव शोभत नव्हतं ते लावलं नाहीत. कोडेक्सच्या, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या, नियमांनुसार जमीन सेंद्रिय म्हणवून घ्यायला हंगामी पिकांना निदान दोन वर्षं आणि बहुवार्षिकांना तीन वर्षं थांबावं लागतं. ती वर्षं काढणं कष्टाचं आहेच. पण ती काढून झाल्यावर, कुणी बघत नसताना, दोन क्रेट स्वतःच्या हाताने बाहेर काढायचे! प्रमाणपत्राच्या कागदाला तुमच्यासारखी माणसं अर्थ देतात. अशी माणसं जगात बरीच असणार. ती आवाज करत नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाहीत, आणि आवाज करणाऱ्यांनाच आपण जग समजून बसतो.

आणखी एका गोष्टीचे आभार राहिले. माझ्या बायकोने विचारलं होतं, सगळंच सेंद्रिय घेणं जमलं नाही तर? तुम्ही तिला अपराधी वाटू दिलं नाहीत. सालीसकट खायची फळं आणि पालेभाज्या आधी बघा, जाड साल काढून टाकायची फळं मागाहून. आणि काहीच मिळालं नाही तर साधी भाजी नीट धुऊन द्या, पण भाजी बंद करू नका. त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी निवांत झोपली.

पावसाच्या तोंडावर बांधाला दाट झाडांची ओळ लावायची आहे, वारा अडेल, असं तुम्ही म्हणत होता. खड्डे खणायला माणसं लागतील. निरोप धाडा, आम्ही दोघं येतो.

तुमचा,
लेकीचा बाबा