सरकारी कामावरची नावे खासगी कशी?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतला रस्ता नव्याने बांधला गेला आणि एका पावसाळ्यातच त्याला भेगा पडल्या. मुंबईत रस्ते खणणाऱ्या आणि बांधणाऱ्या यंत्रणा अनेक आहेत. हे काम कोणत्या कार्यालयाचे होते ते मी लिहीत नाही, कारण तक्रार एका कार्यालयापुरती नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला आणि कार्यादेश, अदा केलेली देयके, दोषदायित्व कालावधी (काम बिघडल्यास ठेकेदाराने ते दुरुस्त करून द्यायची मुदत), मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या वहीच्या) प्रती आणि ती मोजमापे तपासून प्रमाणित करणाऱ्या अभियंत्यांची नावे मागितली. कागद मिळाले, पण पुस्तिकेत जिथे जिथे नाव किंवा स्वाक्षरी होती तिथे काळी शाई फिरवलेली होती. सोबतच्या पत्रात एवढेच म्हटले होते की, नावे ही वैयक्तिक माहिती असल्याने माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ८(१)(ञ) नुसार देता येत नाहीत. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून केलेले पहिले अपीलही याच कारणाने फेटाळले गेले.

हे उत्तर देणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या हाती तसा कायदाच आता देण्यात आला आहे, आणि तो कसा दिला गेला हे वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ रोजी अमलात आला तेव्हापासून वैयक्तिक माहितीला त्यात संरक्षण होतेच. ज्या वैयक्तिक माहितीचा कोणत्याही सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने कोणाच्या खासगी आयुष्यात अकारण घुसखोरी होईल, ती नाकारता येत असे. मात्र व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागे. शिवाय याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे शेवटी जोडलेल्या अटीत, म्हटले होते की, जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. माझ्यासारख्या सामान्य माणसाला आमदार-खासदारांच्या बरोबरीने उभे करणारे ते वाक्य होते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियमाच्या कलम ४४(३) ने हे सारे काढून टाकले आणि त्या जागी केवळ ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती’ एवढेच शब्द ठेवले. सार्वजनिक कामाशी संबंध आहे की नाही, ही कसोटी गेली आणि परंतुकही गेले.

या बदलाच्या अंमलबजावणीचा क्रम मला सर्वात अधिक खटकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये या अधिनियमाचे नियम अधिसूचित झाले तेव्हा नागरिकांच्या विदेचे रक्षण करणारी मुख्य कलमे अठरा महिन्यांनंतर लागू होतील असे ठरवण्यात आले. कंपन्यांना तयारीसाठी वेळ हवा, हे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. माहितीचा अधिकार आखूड करणारे कलम मात्र त्याच दिवसापासून लागू झाले. माझा फोन क्रमांक परस्पर विकणाऱ्याविरुद्ध मला या कायद्याचा आधार मिळायला २०२७ उजाडावे लागेल, पण माझ्या गल्लीच्या रस्त्यावर सही करणाऱ्याचे नाव आजच झाकले गेले आहे. खासगीपणाची एवढी तळमळ असती, तर हा क्रम उलटा असता.

केंद्र सरकारचे म्हणणे असे की, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवल्याने हा बदल आवश्यक होता, आणि कलम ८(२) अजून शाबूत असल्याने जनहिताची माहिती देता येतेच. दोन्ही मुद्दे तपासून पाहण्यासारखे आहेत. २०१७ चा तो निकाल ज्या पुट्टस्वामी खटल्यात लागला, त्याची सुरुवात आधार योजनेला दिलेल्या आव्हानातून झाली, म्हणजे नागरिकाच्या खासगी आयुष्यात शासनाने किती शिरावे हा त्यातला मूळ प्रश्न होता. शासनाच्या कामात नागरिकाने किती डोकवावे याला आळा घालण्यासाठी तो निकाल पुढे करणे म्हणजे त्याची दिशाच फिरवणे आहे. राहिले कलम ८(२). त्यानुसार जनहित हानीपेक्षा मोठे असेल तर सार्वजनिक प्राधिकरण माहिती देऊ ‘शकते’. यातला निर्णय त्याच कार्यालयाने घ्यायचा, ज्याच्या कामाची चौकशी आपण करतो आहोत. २०१२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकराला मिळालेली ज्ञापने (मेमो) आणि कारणे दाखवा नोटिसा वैयक्तिक मानल्या होत्या, तेव्हाही व्यापक जनहिताची वाट कलम ८(१)(ञ) मध्येच खुली होती. आता ती वाट तिथे उरलेली नाही.

नावांवाचून कागद किती निरुपयोगी होतो हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. रोजगार हमीची कामे या राज्यात १९७० च्या दशकापासून चालत आली आहेत आणि हजेरीपटावर खोटी नावे चढवणे म्हणजे काय, हे खेड्यापाड्यांतल्या माणसालाही ठाऊक आहे. हजेरीपटावरची नावे वाचून दाखवता येतात म्हणूनच त्यातला मृत माणूस किंवा गाव सोडून गेलेला माणूस ओळखता येतो. नुसत्या आकड्यांच्या बेरजेत चोरी सापडत नाही. आपल्या मुंबईतले उदाहरण कुलाब्याच्या ‘आदर्श’ सोसायटीचे. त्या एकतीस मजली इमारतीतल्या सदनिका कोणाच्या नावावर आहेत, हाच त्या प्रकरणाचा गाभा होता. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या कागदांनी त्याला वाचा फोडली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावे लागले. न्यायालयात पुढे काय टिकले आणि काय टिकले नाही, हा वेगळा विषय आहे. पण सभासदांची यादी ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून झाकली गेली असती, तर चर्चा सुरूच झाली नसती.

हा कायदा आपल्याला कोणी दानात दिलेला नाही, हेही आठवण करून द्यावेसे वाटते. केंद्राच्या आधी महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा माहितीचा अधिकार कायदा केला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी अण्णा हजारे यांना ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसावे लागले. त्यानंतर हा अधिकार टप्प्याटप्प्याने आखडत गेला. २०१२ मध्ये राज्याच्या नियमांत अर्जाला दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आली. २०१९ मध्ये माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याची सत्ता केंद्र सरकारने स्वतःकडे घेतली. ही पावले वेगवेगळ्या पक्षांच्या राजवटींत पडली आहेत, म्हणून यात पक्षीय हिशेब शोधू नये.

मुंबईकरांना याची झळ अधिक बसते असे मला वाटते. महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. जवळजवळ चार वर्षे या शहरात सभागृह नव्हते, स्थायी समिती नव्हती आणि ज्याला जाब विचारता येईल असा नगरसेवक नव्हता. त्या काळात झालेल्या खर्चाची विचारणा करायला नागरिकाकडे हा दहा रुपयांचा अर्जच काय तो होता. आता नगरसेवक आले आहेत. पण मागच्या चार वर्षांचे कागद मागू लागल्यावर त्यावरच्या सह्याच झाकलेल्या मिळणार असतील, तर त्या काळाचा हिशेब कोणाकडून घ्यायचा?

मूळ कलम परंतुकासह पुन्हा आणावे, यासाठी मुंबईच्या सहाही खासदारांनी संसदेत आवाज उठवावा, अशी माझी विनंती आहे. राज्य शासनाला तर त्यासाठी थांबण्याचेही कारण नाही. सार्वजनिक कामावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, पदनाम आणि ठेकेदाराचे नाव कलम ८(२) खाली द्यावे, असे परिपत्रक सामान्य प्रशासन विभाग काढू शकतो. आणि कार्यालयांनी स्वतःहून माहिती जाहीर करण्याविषयीच्या कलम ४ खाली हीच माहिती प्रत्येक कामाच्या जागेवर फलकावर लावली, तर अर्ज करण्याची वेळच येणार नाही. माझे दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे दाखल केले आहे. त्यात मी काही नवे मागितलेले नाही. तीच मोजमाप पुस्तिका, काळी शाई न फिरवलेली, मला हवी आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, गिरगाव, मुंबई