दाढेला कॅप बसवण्याआधी

कराड, रविवार

प्रिय सुनंदा,

तुझा फोन ठेवल्यापासून डोक्यात तोच विषय घोळतोय. फोनवर मधेच कुकरची शिट्टी, मधेच तुझा नातू, धड काही सांगताच आलं नाही. म्हणून लिहायला बसले. रूट कॅनल झालं, दुखायचं थांबलं, आता कॅपचं दिवाळीनंतर बघू, असं म्हणालीस ना? तेवढं मात्र करू नकोस गं.

दुखत नाही म्हणजे दाढ बरी झाली असं आपल्याला वाटतं. पण आतली नस काढून टाकली म्हणून ती गप्प आहे. किडलेला भाग कोरून काढलाय, मुळांपर्यंत पोचायला वरून भोक पाडलंय, आणि उरल्यात त्या कडेच्या पातळ भिंती. वर सिमेंट भरलं असलं तरी चावण्याचा जोर त्या भिंतींवर येतो. कॅप म्हणजे दाढेवर बसवायचं टोपण, ते त्या भिंतींना धरून ठेवतं. आमच्या थोरल्या दिरांनी अशीच दाढ कॅपविना ठेवली होती. एका संध्याकाळी भडंग खाताना कट्‌कन आवाज झाला. नुसता वरचा टवका उडाला असता तर निभावलं असतं, पण चीर थेट मुळात उतरली होती. दाढ काढावीच लागली. आधीचा खर्च गेला आणि सोसलेलं सगळं फुकट. तुझ्या बाबतीत ते व्हायला नको.

दात घासून बारीक करतात याची तुला धास्ती आहे. करतात, खरं आहे. कॅपच्या जाडीला जागा हवी, नाहीतर ती उंच होऊन बसेल. वरून साधारण दीड-दोन मिलिमीटर, कडेने मिलिमीटरभर, तेही कॅप कशाची यावर कमी-जास्त. नस नसल्यामुळे दाढेला कळत नाही, पण हिरडीला कळतं, म्हणून बधिर करायचं इंजेक्शन देतात. बाकी त्रास आवाजाचा, पाण्याच्या फवाऱ्याचा आणि जबडा अवघडण्याचा. थांबायचं असेल तर डावा हात वर करीन, असं डॉक्टरांना आधीच सांगून ठेव. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हेही सांग, आपल्या मनाने बंद करू नकोस. घरी आल्यावर दोन-तीन तास ओठ-जीभ बधिर राहते. तोवर चहासुद्धा नको, गाल चावला गेला तरी पत्ता लागत नाही.

मग माप. काही दवाखान्यांत तोंडात छोटा कॅमेरा फिरवून माप घेतात. नाहीतर कणकेसारखा मळलेला गोळा साच्यात भरून दातांवर दाबतात आणि तो घट्ट होईपर्यंत धरून ठेवतात. तेव्हा तुला उमासा येईल, मला माहीत आहे. नाकाने सावकाश श्वास घे, मान जरा पुढे झुकव, होऊन जातं. रंग जुळवायचा तो मात्र घासायच्या आधी आणि खिडकीतल्या उजेडात. दात कोरडे पडले की पांढरे दिसायला लागतात आणि मग रंग चुकतो.

कॅप कशाची घ्यायची हे तू दोनदा विचारलंस. निव्वळ धातूची सगळ्यात टिकाऊ, तिला दात कमी घासावा लागतो, खर्चही कमी. पण हसलीस की चमकणार. धातूवर पोर्सेलिन (चिनी मातीचा पांढरा थर) चढवलेली असते, ती वर्षानुवर्षं चालते. तिचा कधीमधी वरचा टवका उडतो आणि हिरडी मागे सरकली की कडेला काळसर रेघ दिसते. झिर्कोनिया म्हणजे एक कठीण सिरॅमिक, तिची कॅप पांढरी आणि दणकट. मशीनवर कोरून भट्टीत सुमारे १५०० अंशांवर भाजतात. महाग पडते, आणि तिला नीट पॉलिश हवं, नाहीतर समोरचा दात झिजवते. तुझी खालची मागची दाढ आहे, रात्री दात खातेस असं भाऊजी सांगत होते. मी तुझ्या जागी असते तर झिर्कोनियाच घेतली असती आणि रात्री लावायच्या गार्डचंही विचारलं असतं.

लॅबमधून कॅप येईपर्यंत तात्पुरती बसवतात. ती काढता यावी म्हणून कच्च्या सिमेंटने चिकटवलेली असते. त्या बाजूने चिक्की, च्युइंगम काही नको. निघालीच तर लगेच दवाखान्यात फोन कर. उघड्या दाढेवर तशीच राहिलीस तर शेजारचे दात सरकतात आणि नवी कॅप बसताना नडते. घरात फेव्हिक्विक आहे म्हणून ते कुणी काढू नका.

आता खरं महत्त्वाचं, बसवायचा दिवस. कॅप ठेवून तुला निळा कागद चावायला देतील. जिथे जास्त लागतं तिथे निळा डाग उमटतो, तेवढं घासतात, पुन्हा चावायला लावतात. इथे घाई करू नकोस. तोंड बधिर असलं की चावा नीट कळत नाही, म्हणून त्या दिवशी इंजेक्शनशिवाय जमेल का ते विचार. सरळ चाव, मग जबडा डावीकडे-उजवीकडे सरकवून बघ. "सवय होईल" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नकोस. नस काढली तरी मुळाभोवतीचा पडदा जिवंत असतो आणि त्याला केसाएवढी उंचीही जाणवते. तशीच चावत राहिलीस तर दाढ पुन्हा ठणकायला लागते, आणि रूट कॅनलच बिघडलं की काय अशी शंका येते. कॅप बसल्यावरही चार-आठ दिवसांत असं वाटलं तर सरळ जा आणि घासून घे. पाच मिनिटांचं काम असतं. फ्लॉसही, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा बारीक दोरा, तिथेच घालून बघायला सांग. शेजारच्या दाताशी फट राहिली तर प्रत्येक जेवणात मटणाचा धागा अडकणार.

पक्कं बसल्यावर तो दिवस मऊ भात खा. कॅपला कीड लागत नाही, पण ती जिथे संपते त्या कडेला खालचा दात उघडा असतो, तिथे लागते. म्हणून ब्रश हिरडीच्या रेघेवर फिरव. नीट जपली तर दहा-पंधरा वर्षं सहज जाते, पुष्कळदा जास्तच. कार्ड आणि बिलावर कॅप कशाची हे लिहून घे.

उद्या सकाळी तारीख घे आणि मला कळव. पहिल्या दिवशी मी येते साताऱ्याला, एसटीने कितीसा वेळ लागतो! भाऊजींना नमस्कार, नातवाला गोड पापा.

तुझी,
विजया