राजीनामा आणि नोकरी यांच्यामध्ये एक वाट द्या : वित्तमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वित्तमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

मी आपल्याच विभागातली. एका जिल्ह्याच्या कोषागारात लेखा लिपिक म्हणून लागले आणि उपलेखापाल म्हणून बाहेर पडले. बाहेर पडले तेव्हा 24 वर्षे सेवा झाली होती आणि वयाची पन्नाशीही आली नव्हती. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधल्या नियम 66 प्रमाणे 20 वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. ती मी घेतली. 58 व्या वर्षापर्यंत मिळणारा पगार, वेतनवाढी, बढती न मिळताही वरची वेतनश्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेचा 30 वर्षांनंतरचा तिसरा लाभ, सगळ्यावर पाणी सोडले. नोकरी मला आवडत होती, म्हणून हे लिहिते आहे.

सासूबाईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणे गेले, गिळता येईना. दवाखान्यातून घरी आणताना नाकात नळी होती. सिस्टरनी मला एकदाच दाखवले : डोके उंच ठेवायचे, नळी जागेवर आहे ना ते आधी पाहायचे, गाळून घेतलेली पेज सिरिंजने हळूहळू सोडायची, शेवटी पाणी सोडून नळी धुवायची, आणि अर्धा तास आडवे करायचे नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. ब्युरोतून बाई आणली ती बारा तासांची, महिन्याला पंधरा हजारांची. तिने सुट्टी घेतली की माझी रजा. अर्जित रजा संपत आली, अर्धपगारी संपली, मग असाधारण, म्हणजे बिनपगारी रजा. मार्चअखेरीला कोषागारात देयकांचे ढीग पडतात आणि लोक रात्री उशिरापर्यंत बसतात. त्या दिवसांत माझे टेबल दुसऱ्या कुणीतरी ओढायचे. सहकाऱ्यांनी तोंडावर कधी काही म्हटले नाही, पण मलाच ते सहन होईना.

घरात बोलणे झाले तेव्हा प्रश्न असा होता की दोघांपैकी कुणी सोडायची. यजमान खाजगी कंपनीत. त्यांनी सोडली तर हातात भविष्य निर्वाह निधी आणि पुढे काही नाही. माझी सोडली तर पेन्शन. निर्णय झाल्यातच जमा होता. कोषागारात बसून मी हेच इतरांच्या बाबतीत पाहिले होते. घरात जिची सरकारी नोकरी, तिच्याकडेच सगळे बघतात, कारण तिला महिन्याच्या महिन्याला काहीतरी मिळणार असते. आणि बहुतेक वेळा ती बाईच असते. आरोग्यसेविका, शिक्षिका, तलाठी कार्यालयातली लिपिक. अर्जात सगळ्या एकच ओळ लिहितात : कौटुंबिक कारणास्तव. महोदय, असे किती अर्ज येतात, त्यांमागे आजारपण किती आणि मुले किती, याची मोजदाद झालेली मी तरी कधी पाहिली नाही. पगार आणि पेन्शन दोन्हींच्या संगणक प्रणाली आपल्या विभागाकडे आहेत. कारणाचा एक रकाना वाढवला तर एका वर्षात कळेल की सरकार दरवर्षी किती तयार माणसे गमावते आहे.

आता पैशाचे. मला माझा हिशोब आधीच माहीत होता, कारण तो माझा रोजचा धंदा होता. बाकीच्यांना तो नसतो. उदाहरण सोपे घेते. शेवटचे मूळ वेतन 50,000 असेल तर निवृत्तिवेतन 25,000. बहुतेक जण 40 टक्के अंशराशीकरण करतात, ज्याला आपण सगळे ‘पेन्शन विक्री’ म्हणतो : पेन्शनचा तेवढा भाग सोडायचा आणि त्याबदली एकरकमी पैसे घ्यायचे. म्हणजे 10,000 कमी होऊन 15,000 उरतात आणि ही कपात 15 वर्षे चालते. महागाई वाढ मात्र पूर्ण 25,000 वर मिळते, तेवढा आधार. घरभाडे भत्ता नाही, वाहतूक भत्ता नाही, वेतनवाढ नाही. एकरकमी रक्कम हातात येते ती मोठी वाटते, आणि इथेच माणूस फसतो. जो 58 व्या वर्षी निवृत्त होतो त्याची मुले बहुधा हाताशी आलेली असतात. 48 व्या वर्षी निवृत्त होणारीचा मुलगा बारावीत असतो. पेन्शन विक्रीचे पैसे फीमध्ये जातात, आणि पुढची 15 वर्षे कापलेली पेन्शन घेऊन आजारी माणूस सांभाळायचा. एक शिक्षिका माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या होत्या, “मॅडम, मला वाटलं पगाराच्या निम्मे मिळतील.” निम्मे मूळ वेतनाचे असतात आणि त्यातूनही कपात होते, हे त्यांना पहिली पेन्शन बँकेत पडल्यावर कळले. तोपर्यंत त्यांची जागा रिक्त म्हणून कळवूनही झाली होती.

दवाखान्याचे तर आणखी अवघड. नोकरीत असताना 1961 च्या वैद्यकीय देखभाल नियमांखाली सासूबाईंचे बिल लावता येत होते. उशिरा का होईना, मंजूर व्हायचे. निवृत्त झाल्या दिवसापासून तो रस्ता बंद. निवृत्तांसाठी सरकारची विमाछत्र योजना आहे, पण तिचा हप्ता आपल्या खिशातून. ज्या आजारपणासाठी नोकरी सोडली, त्याच आजारपणाचा खर्च नोकरी सोडल्यामुळे अंगावर आला. याला माझा कुणावर राग नाही. नियम तसे आहेत आणि मी ते वाचूनच सही केली. पण हे नियम ज्या काळात झाले, त्या काळात घरात चार बायका असायच्या आणि त्यातली एखादीच नोकरीला जायची.

निवृत्तीनंतरचे दिवस सगळे वाईट गेले, असे मी म्हणणार नाही. सासूबाई तीन वर्षे होत्या. शेवटच्या वर्षात त्यांची नळी निघाली, मऊ भात चमच्याने खाऊ लागल्या, आणि डाव्या हाताने पोथीची पाने उलटू लागल्या. त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही. ती माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली नोकरी होती, असे मला मनापासून वाटते. पण त्या गेल्या तेव्हा मी 52 वर्षांची होते. हातात कोषागाराची अडीच दशके. परत जाण्याचा दरवाजा नाही. स्वेच्छानिवृत्तीची नोटीस मागे घ्यायची तर मुदत संपायच्या आत आणि नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या संमतीने. निवृत्त झाल्यावर पुन्हा नियमित सेवेत घेण्याची अशी काही सोयच नाही. सरकारी कार्यालयांत मंजूर पदांपैकी कितीतरी रिकामी आहेत आणि काम कंत्राटी मुलांवर चालले आहे, हे आपल्याला मी सांगायला नको.

आता गल्लीतले लोक कागद घेऊन माझ्याकडे येतात. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, नावाचे स्पेलिंग चुकलेले, नोव्हेंबरात हयातीचा दाखला. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला काय वाटते ते मी अगदी जवळून पाहिले आहे : तीनतीनदा बोट पुसून ठेवतात, आणि शेवटी विचारतात, “म्हणजे पेन्शन बंद?” त्यांच्याबरोबर बँकेत जाऊन प्रत्यक्ष सही करवून आणते. हे काम मी आनंदाने करते. पण ते एका खुर्चीत बसून करण्याची माझी तयारी होती, आणि तीन वर्षांसाठी मला फक्त थोडे थांबू दिले असते तर ती खुर्ची माझीच राहिली असती.

म्हणून माझी मुख्य मागणी ही आहे. राज्याने 2018 मध्ये 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली, पत्नी हयात नसलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेली पत्नी असलेल्या पुरुषांनाही तिच्यात घेतले, ते फार चांगले केले. केंद्रात हीच रजा 730 दिवसांची आहे. पण म्हाताऱ्या आईवडिलांसाठी, सासूसासऱ्यांसाठी तसे काहीच नाही. त्यांच्यासाठी एक संगोपन रजा असावी : संपूर्ण सेवेत मिळून दोन-तीन वर्षांची, बिनपगारी असली तरी चालेल, पण जागा राखलेली, सेवा न तुटलेली आणि वैद्यकीय बिलांचा हक्क चालू असलेली. शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर द्या. गैरफायदा घेणारे निघतील, तर त्यांच्यासाठी चौकशीचे नियम आहेतच. बिनपगारी माणसामुळे तिजोरीवर किती भार पडतो, हे आपल्या विभागाइतके कुणाला कळणार? उलट 48 व्या वर्षापासून पेन्शन सुरू होते तेव्हा ती तिजोरीतूनच जाते.

हे आत्ताच व्हायला हवे, याला कारण आहे. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्या बहुतेकांना 1982 चे निवृत्तिवेतन नियम लागू नाहीत. त्यांच्या पहिल्या फळीची 20 वर्षे नोव्हेंबर 2025 मध्ये पूर्ण झाली. त्यातल्या बायका आज पंचेचाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांच्या घरातले वडीलधारे पंचाहत्तरी-ऐंशीत. जिथे मी उभी होते तिथेच त्या आता येऊन ठेपल्या आहेत, आणि माझ्या पाठीशी होता तो आधार त्यांच्या पाठीशी नाही. त्यांना लागू असलेल्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतून मुदतीआधी बाहेर पडले तर जमा रकमेच्या मोठ्या भागाची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून दरमहा मिळणारी ठरावीक रक्कम, घ्यावी लागते. हातात येते ते उरलेले, आणि महिन्याला जे मिळते त्यावर महागाई वाढ नसते. केंद्राच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेच्या अधिसूचनेत तर 25 वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याचा हमीचा लाभ नियत वयोमानाच्या, म्हणजे नेहमीच्या निवृत्तीच्या, तारखेपासून धरला. म्हणजे 50 व्या वर्षी बाहेर पडलेल्या माणसाने साठीपर्यंत काय खायचे? मार्च 2023 च्या संपानंतर आपल्या राज्याने निवृत्तिवेतनाचा पुन्हा विचार केला, त्यात हा भाग निसटू देऊ नका. रक्कम सेवेच्या प्रमाणात कमी करा, पण ती बाहेर पडल्या महिन्यापासून सुरू होऊ द्या.

आणखी एक गोष्ट, जिला पैसाही लागत नाही. नोटीस स्वीकारण्याआधी कार्यालयाने अर्जदाराला एक पानाचा तक्ता द्यावा. आज सोडले तर निवृत्तिवेतन किती, विक्री केली तर किती, न केली तर किती, उपदान (ग्रॅच्युइटी) किती, रजा रोखीकरण किती, आणि पाच वर्षांनी सोडले असते तर हेच आकडे काय असते. खाली, वैद्यकीय प्रतिपूर्ती कोणत्या तारखेपासून बंद होईल ते. अर्जदाराने तो वाचून सही करावी, त्यानंतर पंधरा दिवस जाऊ द्यावेत, आणि मगच नोटीस दाखल करून घ्यावी. सेवापुस्तकाची वेतन पडताळणी राहिली असेल तर तेही त्याच पानावर येईल; नाहीतर माणूस निवृत्त होतो आणि कागद वेतन पडताळणी पथक, महालेखापाल आणि कार्यालय यांच्यात महिनोन्‌महिने फिरत राहतो. तोपर्यंत घर तात्पुरत्या निवृत्तिवेतनावर, तेही कुणी मंजूर केले तर.

हा तक्ता करण्याचे आपल्या मनात आले, तर त्याचा नमुना मी करून देईन. रकाने माझ्या डोक्यात तयार आहेत आणि वेळही आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक स्वेच्छानिवृत्त उपलेखापाल