ताई, त्या ३ मीटरच्या पट्टीसाठी

प्रिय फिजिओ ताई,
सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या आधी दुकानाचं अर्धवट ओढलेलं शटर माझ्या कपाळाला लागलं. शुद्ध गेली नाही, रक्त आलं नाही, सीटी स्कॅनही स्वच्छ आला. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. मी मात्र महाद्वार रोडनं जाताना बायकोनं काही विचारलं की जागीच थांबायचो, उत्तर द्यायचो आणि मगच पाऊल उचलायचो. दुकानात एकाच बेरजेवरून तीनदा बोट फिरायचं. सगळे म्हणाले, मनाला लावून घेतलंय. एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून तीन आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहिलो आणि आणखीच खचलो.

तुम्ही फरशीवर ३ मीटरची पट्टी चिकटवलीत. टाचेला चवडा लावत तिच्यावरून चालायला सांगितलंत, चाललो. खुर्चीत बसवून १०० मधून सात-सात वजा करायला लावलेत. तीस वर्षं रोजमेळ लिहिणाऱ्या दिवाणजीला ते जड नव्हतं. मग म्हणालात, "आता दोन्ही एकदम." ९३, ८६, ७९... आणि डावं पाऊल पट्टीबाहेर. पुन्हा केलं, तर पाऊल सावरलं पण आकडा सुटला. भिंतीशी उभ्या बायकोनं तोंडाला पदर लावला. त्या दिवसानंतर 'मनावर घेऊ नका' हे शब्द तिच्या तोंडून आले नाहीत. ताई, औषधाआधी मला त्याचीच गरज होती.

चालणं आपोआप होतं असं वाटतं, पण तोल, वळण, समोरून येणारी माणसं, सगळ्यावर मेंदूचं लक्ष असतं, हे तुमच्याकडून कळलं. हादऱ्यानं मेंदूचं काम विस्कळीत होतं. साध्या स्कॅनमध्ये ते दिसत नाही. लक्ष दोन कामांत वाटायची वेळ आली की चाल मंदावते, पावलं आखूड पडतात, अंग बाजूला झुकतं. पडून राहायचं ते पहिले एक-दोन दिवस, मग झेपेल तेवढं हिंडायचं, हेही तुम्हीच सांगितलंत.

डोकं दुखायचं थांबल्यावर मी स्कूटरची किल्ली मागितली. तुम्ही ठाम नाही म्हणालात. मला राग आला होता, तोंडानं बोललो नाही इतकंच. पण त्याच दिवशी पट्टीवर आकडे मोजताना माझं पाऊल दोनदा घसरलं. दुखणं गेलं तरी ही उणीव काही आठवडे मागे राहू शकते, हे तुम्ही जाणून होता. रस्त्यावर काय झालं असतं, या विचारानं आजही अंगावर काटा येतो.

गॅलरीत मी तशीच पट्टी लावली. वार उलटे म्हणत, मान डावी-उजवीकडे वळवत, पुढे हातात पाण्यानं भरलेलं भांडं घेऊन चाललो. नातू भांड्यावर नजर ठेवून असायचा.

परवा रंकाळ्यावर बायकोनं विचारलं, दिवाळीला कुणाकुणाला साड्या घ्यायच्या? मी नावं सांगत राहिलो. पार पुढच्या वळणावर ती म्हणाली, "अहो, तुम्ही थांबला नाहीत."

तुमचा ऋणी,
एक दिवाणजी, कोल्हापूर